खांबवडी आणि करंजमाळ यांच्या मधे

"मामा, वारा उजवीकडनं येतोय!" मी ओरडलो.

"मला काय सांगतोस? काठी माझ्या पोटावर हाय," रावजीमामा दात आवळून म्हणाला.

पोटावरच होती. चांगल्या वाढलेल्या माडाशी पैज लावील असा बांबू, त्याला खालपासून वरपर्यंत गुंडाळलेलं लाल कापड, शेंड्याला मोरपिसांचा झुबका, आणि हे सगळं धूड मामाच्या कमरेच्या चामडी पट्ट्यात रोवलेलं. चार बाजूंना चार गडी दोर ताणून उभे होते. काठी एकदा उठली की जमिनीला टेकवायची नाही, हा घाटनाथाच्या जत्रेचा नियम. ती दुसऱ्या गावाच्या काठीपुढे वाकेल तेव्हाच धरणाऱ्याला माळ सोडून देवळाच्या चढणीला लागता येतं. आणि मामाची काठी ज्यांच्यापुढे वाकायची, ते करंजमाळचे लोक आपली काठी गवतात आडवी ठेवून तिच्याभोवती मांडी घालून बसले होते, कुणाचा शेंडा तिला लागू देत नव्हते.

"निवृत्ती, मान घ्या, काठी उचला की!" जत्रेचे पंच तात्या सावंत भोंग्यावरून बोलले. "माणसाचा जीव चाललाय तिथं!"

"कुणाच्या बोलावण्यानं उचलू?" करंजमाळचा मानकरी निवृत्ती बसल्या जागेवरून म्हणाला. "आमाला खांबवडी बोलावती. बाप-आज्यापासनं. खांबवडी तर गेली."

गेली होती खरी. खांबवडीची काठी घाटनाथाच्या चढणीला लागली होती, तिच्यामागे ढोलताशांसकट सगळं गाव गेलं होतं, आणि चढणीला लागलेली काठी मागं वळून बघत नाही. करंजमाळच्या मागे माळभर आणखी गावांच्या काठ्या आडव्या पडल्या होत्या. करंजमाळ उठल्याशिवाय त्यांतली एकही हलणार नव्हती.

हा घोळ कुठून सुरू झाला ते सांगायला हवं. तुम्ही म्हणाल, म्हातारा पुन्हा सुटला. म्हणा बापडे. एखादं मोरपीस मी जास्तीचं खोवलं असेल, पण बांबू खरा आहे.

मी तेव्हा तालुक्याच्या गावी, धान्याच्या दुकानावरच्या माडीत कॉम्प्युटरचा क्लास चालवत होतो. संगणकाच्या खोलीत चपला काढून जायचा तो काळ. माझे मामा सोनघळचे. सोनघळ धरणाखाली गेलं आणि तिथली माणसं माळावर पत्र्याच्या घरांत आणून बसवली. देव आले, भांडी आली, म्हशी आल्या, काठीही आली. पण घाटनाथाच्या ओळीत तिला जागा कुठली? सोनघळची काठी पूर्वी नदीपलीकडच्या देवाला जायची. तो देवही बुडाला. तेव्हापासून ती काठी मामाच्या घरात आढ्याला बांधलेली होती आणि मामा दर दसऱ्याला तिला तेल लावत होता.

मामानं किती वर्षं पंचांचे उंबरे झिजवले, त्याला गणती नाही. दरवेळी एकच अडचण. पहिला मान सोडायला पहिलं गाव तयार नाही, शेवटचा मान सोडायला शेवटचं तयार नाही, आणि मधे घुसवायचं म्हटलं की मागची सगळी गावं लाठ्या काढायची.

"मधे एक घातलं की आमी एक पायरी खाली येतो," असं त्यांचं म्हणणं. एकदा कुणा साहेबानं माळावर नंबर रंगवलेले दगड रोवले होते, तर सकाळी सगळे दगड विहिरीत. आमच्याकडे नंबर म्हटला की त्यात वरचा-खालचा आलाच.

मी एक दिवस पंचांना क्लासवर बोलावलं. तात्या आले, निवृत्ती आला, खांबवडीचे म्हातारे मानकरी येसबा आले. मामा कोपऱ्यात उभा. तात्यांनी आधी संगणकाला हात जोडले.

"तात्या, तुमच्या ओळीला नंबर कधी होता?" मी विचारलं. "पहिली काठी कुठली, ते गुरवाला ठाऊक. पुढं प्रत्येक काठीला एवढंच ठाऊक, की आपण कुणापुढे वाकायचं. सगळी ओळ एका जागी कुणाच्याच हातात नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आमच्यात याला लिंक्ड लिस्ट म्हणतात. आम्ही ती आत्ता शिकतोय, तुमच्या पणज्यांनी ती माळावर करून ठेवलीय."

तात्यांना हे फार आवडलं. ते जरा पुढे सरकून बसले.

"मी 'काठी' नावाचा एक क्लास लिहिलाय," मी सांगत होतो. "क्लास म्हणजे साचा. त्यातून पाडलेली एकेक काठी म्हणजे ऑब्जेक्ट. प्रत्येकीच्या पोटात दोनच गोष्टी. आपल्या गावाचं नाव, आणि जिच्यापुढे वाकायचं त्या काठीचा पत्ता. आता बघा, सोनघळ मधे घालतो. एक, सोनघळच्या पोटात करंजमाळचा पत्ता टाकला. दोन, खांबवडीच्या पोटात सोनघळचा टाकला. झालं. मागं कुणाला धक्का लागला? कुणी खाली आलं? करंजमाळच्या मागच्यांना तर कळलंसुद्धा नाही."

पडद्यावर गावांची नावं एकाखाली एक उमटली. खांबवडी, सोनघळ, करंजमाळ, आणि पुढची सगळी. येसबा हसले. सोनघळची बिऱ्हाडं ट्रकमधून उतरली तेव्हा पहिला पावसाळा त्यांच्याच गोठ्यात निघाला होता. खांबवडीच्या मागे सोनघळला घ्या, हे त्यांनीच सुचवलेलं.

"आणि ह्ये दोन उलटं केलं तर?" निवृत्तीनं विचारलं. त्याला कशातही खोट काढल्याशिवाय चहा उतरत नसे.

"उलटं करून दाखवतो. आधी खांबवडीनं सोनघळला धरलं, मग सोनघळला सांगितलं की खांबवडी जिच्यापुढे वाकते, तिच्यापुढे तू वाक. पण आता खांबवडी कुणापुढे वाकते?"

"सोनघळपुढं."

"मग सोनघळ कुणापुढे वाकणार?"

मी कळ दाबली. पडद्यावर खांबवडी आली, सोनघळ आलं, सोनघळ, सोनघळ, सोनघळ... नावाचा धबधबा सुरू झाला. तो काही थांबेना. शेवटी मी बटणच बंद केलं.

"आणि आमी?" निवृत्ती म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "करंजमाळ कुटं गेलं?"

"होतं ना, त्या डब्यातच होतं. मागची सगळी गावंही होती. पण तिथवर जायची वाट कुणाच्याच हातात उरली नव्हती."

"म्हंजे जित्तं, पण हरवल्यालं?"

कोपऱ्यातून मामा म्हणाला, "तसंच असतंय ते."

त्या एका वाक्यानं जे काम केलं ते माझ्या सगळ्या क्लासनं केलं नसतं. उठता उठता तात्यांनी निकाल दिला. "ह्या साली सोनघळला मधे घ्यायचं. पण रावजी, ओळ तुटली तर पुन्हा हा विषय काढायचा न्हाई. तू न्हाई आणि तुझ्या मागं तुझ्या पोरांनीबी न्हाई."

"कबूल," मामा म्हणाला.

माळावर काय करायचं ते मी घोटून घेतलं. येसबांनी आपली काठी मुलाच्या पट्ट्यात द्यायची. मोकळं होऊन निवृत्तीचा हात मामाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, आजपासून तुम्हाला हे बोलावतील. हे झाल्यावरच काठी परत घेऊन मामाच्या काठीपुढे वाकवायची. आधी मागच्याचा हात धरून द्यायचा, मग आपला सोडायचा. येसबांनी ते माझ्यासमोर पाठ म्हणून दाखवलं.

आणि जत्रेच्या दिवशी काय झालं? येसबांची काठी उठली, ढोल कडाडले, येसबांनी समोर बघितलं तर रावजीमामा आपल्या आडव्या काठीशी हात जोडून उभा. डोक्याला नवीन पागोटं. मागे सोनघळच्या बाया डोळ्यांना पदर लावून. म्हाताऱ्याला भरून आलं. पाहुणा दारात उभा आहे आणि आपण त्याला ताटकळत ठेवून शेजाऱ्याशी बोलत बसायचं, हे येसबांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. त्यांनी काठी सरळ वाकवली.

"येसबा, आधी निवृत्ती!" मी ओरडलो. पण शेंड्याला शेंडा टेकला होता. मोरपिसांत मोरपिसं मिसळली. सोनघळच्या लोकांनी असा गलका केला की धरणातलं पाणी हललं असेल. मामानं काठी उचलली. येसबा डोळे पुसत चढणीला लागले, आणि मग माळावर जो घोळ झाला, त्यातच आपण सुरुवातीला उभे होतो.

"दुसऱ्या कुणाच्या पट्ट्यात दे काठी," मी मामाजवळ जाऊन म्हणालो. "जरा दम खा."

"कुणाच्या?" मामानं नजर न हलवता विचारलं. "ह्या पोरांनी काठी आढ्याला बांधल्यालीच बघितलीया. उभी कुणी धरलीया?"

ते खरं होतं. दोर धरणारे चारही गडी धरणानंतर जन्मलेले. त्यांचे हात थरथरत होते आणि ते थरथरणं दोरांतून वर चढून मोरपिसांपर्यंत पोचत होतं.

"निवृत्तीअण्णा," मी करंजमाळच्या घोळक्यापुढे हात जोडले, "क्लासवर तुम्ही सगळं बघितलंत. कबूल झालात. आता दोन मिनिटांसाठी..."

"कबूल झालो ते कशाला? येसबा माझा हात धरून देणार म्हणून. दिला का?" निवृत्ती चिडलेला नव्हता, हीच तर भीती होती. तो घाबरलेला होता. "मास्तर, मी आपण होऊन उठलो तर मागली गावं काय म्हंतील? न बोलावता उठली करंजमाळची काठी. उद्या कुणी कुणाच्याबी बोलावण्यानं उठंल. मग ओळ कसली आणि जत्रा कसली?"

त्याचं चुकत नव्हतं. मी मागे बघितलं. मागच्या गावांची माणसं उभी राहायला लागली होती. कुणीतरी आपली काठी सोडायला, कापड उलगडायला घेतलं होतं. एका गावानं कापड सोडलं की बाकीची सोडणार. वाऱ्यानं कुणाची तरी टोपी उडाली, ती म्हणे कोकणात उतरली. मामाची काठी डावीकडे कलली. दोरावरचा गडी गवतात घसरत गेला आणि कसाबसा थांबला.

"रावजी, टेकव!" तात्या भोंग्यावरून म्हणाले. आवाजात माया होती. "टेकव बाबा. जीवापरीस मान मोठा न्हाई."

"टेकवत न्हाई," मामा म्हणाला.

"अरे, बांबू अंगावर येईल."

"येऊ दे."

माझ्या डोक्यात तोच पडदा फिरत होता. सोनघळ, सोनघळ, सोनघळ. संगणकात हे झालं असतं तर मी काय केलं असतं? वाट गेली ती गेली. पत्ता पुसायच्या आधी तो दुसरीकडे कुठेतरी धरून ठेवलेला असेल, तरच काही आशा. एखादा तात्पुरता हात. ओळीतला नसलेला, मानाचा नसलेला, नुसता धरून उभा असलेला.

मी धावत तात्यांकडे गेलो आणि भोंगा हिसकावला.

"खांबवडीचं कुणी खाली राहिलंय का? कुणीही! आजारी, दमलेलं, चपला राखणारं, कुणीही!"

खांबवडी म्हणजे तान्ह्या पोरांसकट चढणीला लागणारं गाव.

"खांबवडीचं एक माणूस हवंय हो! एकच!"

"माणूस न्हाई," करंजमाळच्या बायकांतून आवाज आला. "बाई हाय. चालंल का?"

पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, हिरव्या लुगड्यातली बाई कमरेवर हात ठेवून पुढे आली. हौसाक्का. येसबांची धाकटी बहीण, निवृत्तीच्या थोरल्या भावाची बायको. खांबवडीत जन्मली, करंजमाळात नांदली. मी मूर्खासारखा तिच्याकडे बघत राहिलो. दोन गावांच्या मधोमध एक माणूस सगळा वेळ उभं होतं आणि आम्ही सगळे बांबूकडे बघत होतो.

"वैनी, तू मागं हो," निवृत्ती उठून म्हणाला. "बाईच्या शब्दावर काठी उठत न्हाई."

"शब्द कोण देतंय? हात देती." हौसाक्का त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "मला खांबवडीनं करंजमाळात दिली, तवा कुठली काठी वाकली व्हती रे? बानं माझा हात तुझ्या भावाच्या हातात दिला, तेवढंच झालं. त्येच्यावर मी तुमच्या घरात म्हातारी झाले. तुला भाकऱ्या करून घातल्या, तुझं लगीन लावलं. त्यो हात खरा का खोटा, ते आदी सांग."

निवृत्तीनं टोपी काढली नि पुन्हा घातली.

"सांग की! खोटा आसंल तर आत्ता चढणीला लागती भावाच्या मागं."

घोळक्यात कुणीतरी फसकन हसलं. निवृत्तीच्या थोरल्या भावानं, म्हणजे हौसाक्काच्या नवऱ्यानं, घाईघाईनं म्हटलं, "निवृत्ती, हात दे बाबा तिला. ही खरंच जाईल."

निवृत्तीनं हात पुढे केला. हौसाक्कानं त्याचं मनगट धरलं आणि त्याला गवतातून ओढत मामापर्यंत आणलं.

"रावजीदादा, हात आण."

मामाचे दोन्ही हात बांबूला आवळलेले होते. घामानं कापड काळं झालं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत काय होतं, ते मला आजही धड सांगता येत नाही. एक हात सोडायचा म्हणजे काठी एका हातावर. वारा तर पिसाळलेला.

"मी धरतो," मी म्हणालो.

"तुजं काम न्हाई. तू दोराकडं जा."

मी वाऱ्याच्या बाजूच्या दोराला जाऊन लोंबकळलो. मामानं डोळे मिटले आणि उजवा हात सोडला. काठी कडकडली. माझे पाय जमिनीवरून सुटले. खोटं नाही सांगत, मी तेवढा वेळ हवेत होतो. खाली हौसाक्कानं निवृत्तीचा हात मामाच्या हातात घातला, वर आपला हात दाबला आणि मोठ्यानं म्हणाली, "खांबवडीची लेक सांगती. आजपासनं करंजमाळला सोनघळ बोलावंल."

एवढं म्हणून ती बाजूला झाली. तिचं काम संपलं होतं. पदरानं तोंड पुसत ती बायकांत जाऊन बसली.

मामानं बांबू पुन्हा दोन्ही हातांनी धरला आणि काठी वाकवायला घेतली. काठी वाकवणं हे उचलण्यापेक्षा अवघड असतं. शेंडा खाली येत गेला, दोर सैल होत गेले, आणि मोरपिसं करंजमाळच्या गवतातल्या काठीला लागली. लागली मात्र, मामा सरळ झाला, वळला आणि चढणीला लागला. मागं बघायचं नाही. वाकणं आपलं काम. पुढची उठते की नाही, हे बघायचा हक्क कुठल्याच काठीला नाही.

मी त्याच्या बाजूनं चालू लागलो.

"उठली का?" मामानं दबक्या आवाजात विचारलं.

मी मागं वळून बघितलं. मला कुठला मान, मला चालत होतं. निवृत्ती पट्टा बांधत होता. त्याची माणसं काठीभोवती वाकलेली. काठी अजून गवतातच होती.

"उठतेय," मी म्हणालो.

"म्हंजे न्हाई उठली."

"उठेल, मामा."

"बोलू नगंस."

आम्ही पहिलं वळण घेतलं. मागून काहीच येईना. मामाच्या पायात गोळे आले होते, तो पाऊल टाकायचा नि थांबायचा. मी पुन्हा वळलो. गवतातून एक पिवळा शेंडा वर येत होता, हळूहळू, लहान पोर उभं राहायला शिकतं तसा.

"मामा, उठली! करंजमाळ उठली!"

"थापा मारतोस."

"तुझ्या गळ्याची शपथ!"

"गेल्या जत्रंत माझ्याच गळ्याची शपथ घेऊन वाघ बघितल्याचं सांगितलंस. जाऊन बघतो तर सायबाचं कुत्रं."

आयुष्यभर रंगवून सांगायची सवय लागलेल्या माणसाची ही गत होते. करंजमाळचा ढोल वाजला तेव्हा मी म्हणालो, "हा ऐक." मामा म्हणाला, "ढोल बसूनबी वाजवता येतोय." मग करंजमाळच्या मागची काठी उठली, तिच्यामागची उठली. मी एकेक नाव सांगत होतो आणि मामा ऐकून न ऐकल्यासारखा चढत होता. मधेच ढोल थांबला की त्याचं पाऊल थांबायचं. कुठं तुटली? कुठं अडलं? पुन्हा वाजला की पुन्हा पाऊल.

वर देवळाच्या दारात येसबा उभे होते. झालेला प्रकार कुणीतरी धावत येऊन त्यांना सांगितला असावा. ते मामाच्या पाया पडायला वाकले, तर मामा म्हणाला, "थांब येसबा, ओळ आजून संपली न्हाई." दोघं म्हातारे शेजारी उभे राहिले, देवाकडे तोंड करून, खालच्या माळाकडे पाठ करून. काठ्या येत होत्या, देवळाच्या भिंतीला टेकत होत्या. मामाची तेवढी अजून पट्ट्यातच होती. दर काठीबरोबर मामा बांबूवरची पकड पुन्हा आवळायचा.

शेवटच्या गावाला पुढे वाकायला कुणी नसतं. ते आपली काठी रिकाम्या माळापुढे वाकवतात, आणि ती वाकली की खालचे सगळे ढोल एकदम बंद होतात. दर साली होतं ते, त्यात विशेष काही नाही. कुणी लक्षही देत नाही.

त्या दिवशी ढोल बंद झाले. वारा तेवढा उरला. मी वळून बघणार, तर मामानं एका हातानं माझा दंड धरला.

"बघू नगंस," तो म्हणाला. "मागं कोणच न्हाई आता. समदी ओळीत आली."

आणि त्यानं काठी भिंतीला टेकवली.